दोन सेकंदांचा श्वास

घरातल्या सायकलवर, झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या ॲपवर शर्यत. पहिल्याच खड्या टप्प्यावर मी पेडलवर उभा राहिलो. पायांची ताकद 340 वॉट! मागे सहा जण. पंखा फुल स्पीडवर, तरी टॉवेल ओलाचिंब.

बाराव्या वळणावर त्यांनी मला गाठलं, नवव्यावर सोडून गेले. (ॲपमधल्या आल्प द्यू झ्विफ्ट या चढाची 21 वळणं उलटी मोजतात, म्हणजे अजून बरंच बाकी होतं.)

डोक्यात राहिलं ते वेगळंच. जो पहिला निसटला, तो खड्या चढावर सुटलाच नाही. वळणात रस्ता जरा सपाट होतो, तिथे सगळे दोन सेकंद श्वास घेतात. स्क्रीनवरच्या यादीत आमचे वॉट पर किलो (वजनाच्या दर किलोमागे ताकद) धडाधड पडले: 3.8, 3.5, 3.1. त्याचा 5 वर. चढावर वेगच कमी, ड्राफ्टचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागण्याचा, आधार तुटपुंजा. गेला तो गेलाच.

सिंहगडाच्या घाटात शेजारच्याची धाप ऐकू येते. इथे फक्त आकडा, आणि मी बघत बसलो स्वतःचाच.

लेक दारातून म्हणाली, "बाबा, सगळे जोरात असतात तेव्हाच तुम्ही पण जोर का लावता?"

चहा गार झाला, उत्तर सुचलं नाही. तुम्ही कुठे सुटता? चढावर की वळणावर?