पुरुमेंताचा कांदा

नववीच्या प्रॅक्टिकलला आमच्या सरांनी प्रत्येकाला घरून एक कांदा आणायला सांगितला. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीच्या, माळेतला एक काढला म्हणून आईची बोलणी खाल्ली, ते वेगळं. कांदा बाटलीच्या तोंडावर असा बसवायचा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्यांची फक्त टोकं घ्यायची. पेशींचं विभाजन तिथेच चालतं, वरच्या भागात पेशी नुसत्या लांब होतात.

ॲसिटोकार्माइन या लाल रंगाचे थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर जराशी ऊब, कव्हरस्लिप आणि वरून अंगठ्याचा दाब. पुस्तक इंग्रजीत, सरांचं समजावणं मराठीत, आणि स्लाइड साधली की थेट कोंकणीत: “पळय रे, पळय!” एका पेशीत लालसर दोरे, म्हणजे गुणसूत्रं, मध्यावर ओळीने उभे, शेजारच्या पेशीत तेच दोन टोकांकडे खेचले जाताना. कांद्याची गुणसूत्रं १६, आपली ४६. बहुतेक पेशी मात्र नुसत्या बसलेल्या दिसत, स्लाइड फुकट गेली असं वाटे. सर म्हणत, खरं काम त्याच काळात होतं. प्रत्येक गुणसूत्राची नक्कल आधी तयार होते, म्हणून तर वाटणीत दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो.

पुढे मी पॅथॉलॉजीत आलो. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीची ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे हे, ठरवताना विभागणाऱ्या पेशी आजही डोळ्यांनी मोजतो. विभाजन वाईट नव्हे. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, आणि ती भरपाई विभाजनातूनच होते. मेंदूच्या बहुतेक पेशींना ही सोय नाही. पेशीने कधी विभागायचं हे ठरवणारी यंत्रणा उलगडल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना २००१ चं नोबेल मिळालं. ती यंत्रणा बिघडली की कॅन्सरची गाठ वाढते.

गावात कुणाची केमो सुरू झाली की लोक मलाच गाठतात. (मी केमो देत नाही, हे सांगून उपयोग नसतो.) “औषध गाठीचं, मग केस का जातात?” केमोची बरीच औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात; केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा त्यातच सापडतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, आणि पुढचा डोस देण्याआधी रक्त तपासावं लागतं. औषध थांबलं की केस बहुधा परत येतात.