आमचं रगत चालत नाही, त आवाज चालते ना?

रक्तपेढीत मे महिना कॅलेंडरावर पाहावा लागत नाही, शीतकपाट उघडलं की कळतो. कॉलेजांना सुट्या, म्हणून तिथली शिबिरं बंद. गावोगावी लग्नं. त्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. रक्ताची पिशवी 2 ते 6 अंश तापमानात 35 दिवस टिकते, त्यामुळे मार्चमधलं रक्त साठवून मे काढू म्हटलं तर जमत नाही. आणि गरज काही सुटीवर जात नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण गावागावांत आहेत, त्यातल्या काहींना रक्त चढवावंच लागतं. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दोन-चार आठवड्यांनी लागतंच. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला थांबायला वेळ नसतो. मी तंत्रज्ञ आहे, सुई टोचणं आणि पिशव्या सांभाळणं हे माझं काम. खिडकीशी कोणी येऊन गट सांगितला की कपाट न उघडताच उत्तर माहीत असतं, आणि ते सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

अशाच एका मे महिन्यात नागभीड तालुक्यातल्या एका गावात शिबिर ठरलं. दिवस तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीच्या पानांचे. माणसं पहाटे चारला जंगलात जातात, उन्हं चढायच्या आत भारे घेऊन परततात, मग घरातले सगळे मिळून 70 पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. वर्षभराच्या रोख पैशाचा मोठा आधार हाच. सरपंचबाईंनी फोनवर आधीच सांगितलं, "दिवसा कोनी भेटनार नाही जी. फळीवरून आल्यावर या." म्हणून वेळ ठेवली संध्याकाळी सहाची, जागा समाजमंदिराची.

गावातल्या पोरांनी गर्दी जमवायला डीजे सांगायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. रक्तदाब मोजताना कानातली नळी काही ऐकू देत नाही, आणि डॉक्टरांनी विचारलेलं "कावीळ झाली होती का?" दात्याला ऐकूच आलं नाही तर तपासणीला अर्थ उरत नाही. पोरं हिरमुसली. तेव्हा ओसरीवर पुडे बांधत बसलेली एक बाई म्हणाली, "आमी म्हनतो जी भजन. खंजिरीनं तुमचं काही अडनार नाही."

ती गावच्या महिला भजन मंडळाची मुख्य गायिका. बाहेरगावी बोलावलं तर मंडळ बिदागी घेतं, त्यातून पेटीची दुरुस्ती आणि गाडीभाडं निघतं, खंजिरी भजनांच्या स्पर्धांनाही त्या जातात. इथे एक रुपया घेणार नाही म्हणाल्या. मी ही गोष्ट मुद्दाम लिहिते आहे, कारण पहाटे चारपासून राबलेल्या बाईनं रात्री दहापर्यंत गाणं हे फुकटात मिळालेलं काही नसतं. ती तिच्या झोपेतून काढून दिलेली वेळ असते.

दुपारी आम्ही खाटा मांडत होतो तेव्हा ती मावशी नातवाची वही घेऊन आली. किती काढता? 350 मिली. अंगात असते किती? साधारण पाच लिटर. मग भरून कधी येते? पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत, तांबड्या पेशींना काही आठवडे. पुन्हा कधी देता येते? पुरुषांना तीन महिन्यांनी, बायांना चार. ती नातवाकडून एकेक ओळ लिहून घेत होती. शेवटी विचारलं, "आन विकता का जी तुमी?" हा प्रश्न प्रत्येक गावात लोकांच्या मनात असतो, तोंडावर विचारत कोणी नाही. मी तिला सगळं सांगितलं: रक्ताला किंमत नसते, पण एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा तपासण्या कराव्या लागतात, पिशवी लागते, त्या खर्चाचं शुल्क असतं, आणि सिकलसेल-थॅलेसेमियाच्या रुग्णाकडून सरकारी नियमाप्रमाणे तेही घ्यायचं नसतं. हेही वहीत गेलं.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली आणि एकसारख्या पातळांतल्या बाया बसल्या. उन्हानं खंजिरीचं कातडं फार ताणलं होतं. मावशीनं ओली बोटं आतून फिरवली, एकदा थाप मारून ऐकली, पुन्हा फिरवली. या भागात खंजिरीला वजन आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं ऐकलेल्या माणसांनीच 16 ऑगस्ट 1942 ला चिमूरला इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि महाराजांना तुरुंगात जावं लागलं, हे इथली लहान पोरंही सांगतात. आणि विदर्भाला गाण्यातून लोकांचं काम उभं करणं नवीन नाही. गाडगेबाबांनी कीर्तनं करत धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, आमच्याकडून टाटाला गेलेलेही.

माणसं जमली, पण खाटेकडे कोणी येईना. भिंतीला टेकून सगळे ऐकत उभे. तेव्हा मावशीनं खंजिरी शेजारणीकडे दिली आणि आपल्या बायांना घेऊन स्वतःच रांगेत उभी राहिली.

हिमोग्लोबिन पाहायला आमच्याकडे मोरचुदाचं निळं द्रावण असतं. बोटातला थेंब त्यात सोडायचा. पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाशी गेला तर 12.5 च्या वर आहे, म्हणजे चालतं. मावशीचा थेंब थोडा खाली गेला, अडकला आणि वर आला. दुसरीचा तरंगतच राहिला. तिसरीचं वजन 45 किलोही भरलं नाही. चौथी, पाचवी... मंडळातल्या एकीचाही थेंब बुडाला नाही. काचेच्या नळीकडे त्या ज्या आशेनं वाकून बघत होत्या, ते आठवलं की मला आजही राग येतो. राबायला पहिल्या आणि जेवायला शेवटी असलेल्या बायांचं रक्त असंच असतं. गावोगावी हेच बघते मी.

मी "मावशी, नाही घेता येणार" म्हटलं. तिनं बोटावरचा कापूस फेकला आणि म्हणाली, "आमचं रगत चालत नाही, त आवाज चालते ना?" आणि जागेवर जाऊन तिनं खंजिरी उचलली. पुढचं भजन तिनं दुपारच्या वहीतून बांधलेलं होतं, नेहमीच्या चालीवर:

विहीर उपसली, झरा आटला का?
सांग गा भाऊ, झरा आटला का?
दिलं ते रगत भरून येते,
देनाऱ्याचा हात खुंटला का?

त्यानंतरच्या कडव्यांत साडेतीनशेचं माप आलं, तीन महिने आले, आणि विकण्याचा प्रश्नही उत्तरासकट आला. मी हीच माहिती वर्षानुवर्षं माइकवरून सांगत आले. गावच्या बाईनं, जिचं स्वतःचं रक्त आत्ताच परत केलंय अशा बाईनं सांगितल्यावर ती पटली. भिंतीपासून पहिला एक पोरगा सुटला, मग त्याचे मित्र. डॉक्टर प्रत्येकाला जेवण आणि झोप विचारत होते, दिवसभर जंगलात राबून थकलेल्यांना त्यांनी परत पाठवलं. तरी दोन्ही खाटा भरलेल्या राहिल्या.

दात्याच्या हातात आम्ही स्पंजचा चेंडू देतो, तो दाबत राहिलं की रक्त नीट वाहतं. एरवी "दाबा, दाबा" म्हणत राहावं लागतं. माणूस घाबरतो, मूठ घट्ट आवळून धरतो आणि धार मंदावते. त्या रात्री पोरं खंजिरीच्या ठेक्यावर चेंडू दाबत होती. पिशवी खाली तालात हलत होती. एकाची आई तरातरा त्याला उठवून न्यायला आली, "त्याचं लगीन व्हाचं हाये!" म्हणत. मावशीनं गाता गाताच तिला हातानं शेजारी बसवलं. ती बसली, आणि मग टाळही तिनं घेतला.

तिशीच्या वर पिशव्या घेऊन आम्ही मध्यरात्री परतलो. मे महिन्यात गावातल्या शिबिराला एवढं मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पण निघण्याआधी मी एक काम केलं आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या बायांचे थेंब तरंगले, त्यांची नावं त्यांच्या परवानगीनं लिहून आशाताईकडे दिली. उपकेंद्रात रक्त नीट तपासून घ्या, सिकलसेलची तपासणी राहिली असेल तर तीही करा, मगच लोहाच्या गोळ्या. शिबिरात नाकारलेल्या बाईला बिस्कीटही न देता घरी पाठवायची आपल्याकडे रीत पडली आहे. ती मोडली पाहिजे. आता आमच्या शिबिराच्या कागदांत ही यादी वेगळी असते, आणि बिस्किटं-सरबत सगळ्यांना.

मंडळ नंतर आजूबाजूच्या गावांतल्या शिबिरांनाही आलं. मावशीनं दोनच अटी घातल्या: प्रार्थनेआधी सुरू करायचं नाही, आणि पाहुण्यांचे सत्कार मध्येच घुसवून भजन थांबवायचं नाही. गाडी आम्ही पाठवतो. यंदा मंडळातल्या दोघींचे थेंब तळाशी गेले. दोघींनीही रक्त दिलं आणि दहा-पंधरा मिनिटं पडून, सरबत पिऊन पुन्हा टाळ धरायला निघाल्या. मी मात्र त्यांना अर्धा तास सक्तीनं खुर्चीवर बसवून ठेवलं.