हरिश्चंद्रगडाच्या थंडीत नव्या कॅमेऱ्याची बॅटरी

डिसेंबरातील अमावास्येच्या सुमारास कोकणकड्यावरून ताऱ्यांची छायाचित्रे घ्यावीत, एवढ्याचसाठी नवा मिररलेस कॅमेरा घेऊन आम्ही तिघी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर दोन रात्री राहिलो. माहितीपत्रकात एका चार्जिंगमध्ये 320 छायाचित्रे निघतील असे लिहिले होते. प्रत्यक्षात पहिल्या रात्री जेमतेम 90 छायाचित्रांनंतर कॅमेरा बंद पडला. बॅटरीच सदोष निघाली अशी माझी खात्री झाली होती.

ती बॅटरी मी काढून झोपताना कपड्यांच्या आत ठेवली आणि सकाळी परत बसवली, तेव्हा तिच्यात 20 टक्क्यांहून अधिक चार्ज दिसला. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली येते आणि कॅमेरा तिला रिकामी समजतो. ऊब मिळाली की उरलेला चार्ज पुन्हा हाती लागतो. म्हणून कड्यावरच्या वाऱ्यात जादा बॅटरी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावी.

मात्र सारा दोष थंडीचा नव्हता. घरून पूर्ण चार्ज करून निघालेली बॅटरी, वाटेत एकही छायाचित्र न घेता, हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचेपर्यंत बरीच उतरली होती. कॅमेरा बंद असतानाही त्याचे ब्लूटूथ मोबाइलशी जोडलेले राहत होते, हे मेनू नीट वाचल्यावर कळले, आणि एअरप्लेन मोड लावताच ही गळती थांबली. त्याखेरीज कॅमेरा गळ्यात लटकत असताना डोळा लावून पाहायच्या व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर छातीशी येऊन त्यातला पडदा जागा ठेवत होता, आपोआप बंद होण्याची वेळ पाच मिनिटांवर होती, आणि ट्रायपॉडवर ज्याची गरज नसते ते, हाताचा कंप सावरणारे इमेज स्टॅबिलायझेशनही चालू होते.

सर्वांत मोठा खर्च मात्र लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनचा, म्हणजे जास्त सेकंदांच्या छायाचित्रातले नको असलेले ठिपके कमी करणाऱ्या सोयीचा होता. या सोयीत कॅमेरा प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढ्याच वेळेचे एक काळे छायाचित्र स्वतःच घेतो, म्हणजे 25 सेकंदांच्या छायाचित्राला 50 सेकंद लागतात. माझ्या 90 छायाचित्रांसाठी छायाचित्र टिपणारा सेन्सर तब्बल 75 मिनिटे काम करत होता. माहितीपत्रकातला आकडा सीपा या जपानी संस्थेच्या चाचणीपद्धतीने काढलेला असतो, आणि ती चाचणी सुमारे 23 अंश सेल्सिअसला होते. रात्रीच्या छायाचित्रणासाठी तो आकडा बाजूला ठेवावा आणि आपला कॅमेरा किती मिनिटे चालतो हे घरच्या गच्चीवर एकदा मोजून घ्यावे.

बॅटरी खरोखर सदोष आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. ती पूर्ण चार्ज करून एक रात्र कॅमेऱ्याबाहेर ठेवावी, दुसऱ्या रात्री पुन्हा पूर्ण चार्ज करून बंद कॅमेऱ्यात ठेवावी आणि दोन्ही सकाळचे आकडे ताडून पाहावेत. बाहेर ठेवूनही उतरली तर बॅटरी बदलून घ्यावी. कॅमेऱ्यातच उतरली तर सेटिंग तपासावी, तीही एका वेळी एकच. नवी बॅटरी आधी पूर्ण रिकामी करून आठ तास चार्ज करण्याचा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला त्याची गरज नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांनी कसारा, घोटी, राजूर आणि पाचनई असा रस्ता धरावा आणि चार्जिंग पायथ्याशीच उरकून घ्यावे, कारण माथ्यावर त्याची भरवशाची सोय नाही. पॉवर बँक नेणार असाल तर कॅमेरा तिच्यावर चालू स्थितीत चार्ज होतो की फक्त बंद असताना, हे घरीच पाहून ठेवावे. माझा बंद असतानाच होतो. थंडीतून तंबूच्या उबेत येताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते. केदारेश्वराच्या लेण्यात गार पाणी भरलेले असते, तेव्हा तिथे बॅटरी बदलण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

दुसऱ्या रात्री नॉइज रिडक्शन बंद ठेवून, पुन्हा चार्ज केलेल्या त्याच बॅटरीवर पहाटे तीनपर्यंत 190 छायाचित्रे निघाली, आणि खिशातली दुसरी बॅटरी सूर्योदयासाठी शिल्लक राहिली.