अर्धं तिकीट

सातारा-दहिवडी गाडीवर मी वाहक आहे. वयाबद्दलचं खोटं आमच्या कानावर रोजच पडतं. एसटीत 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, 5 ते 12 ला अर्धं. त्यामुळे पाच पूर्ण झालेली मुलंही गाडीत चारचीच असतात. त्या खोट्यानं माझं डोकं कधी फिरत नाही. त्या दिवशी मात्र फिरलं.

पुसेगावला एक बाई मुलाला घेऊन चढल्या. ''एक दहिवडी द्या.''

''आणि याचं?''

''त्याला चौथं चालू हाय, मास्तर.''

मुलाचे पुढचे दोन दात पडलेले होते. दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षी पडायला लागतात. आम्ही वाहक आधी तोंडाकडेच बघतो. मी काही बोलायच्या आत पोरगंच म्हणालं, ''आई, मी पहिलीत हाय की.''

आजूबाजूचे सगळे हसले. बाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. ''गप बस. तुला कुणी इचारलंय?'' पोर कावरंबावरं झालं. आपलं चुकलं काय, हेच त्याला कळेना. मागचे एक आजोबा समजुतीनं म्हणाले, ''बाळा, अशा टायमाला बोलायचं नसतं.''

मला राहवलं नाही. म्हटलं, ''आजोबा, त्यानं खरंच सांगितलंय. त्याला कशाला गप्प करता?''

बाईंची अडचण मला कळत होती. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे पोराचं तिकीट आईच्याच तिकिटाएवढं. मोजून आणलेल्या पैशात ते जड जातं. मोठं माणूस चार पैशांसाठी माझ्याशी खोटं बोललं, तर ते त्याचं आणि माझं. पण पोराला त्यात ओढायचं आणि खरं बोलला म्हणून चिमटा काढायचा, हे मला बघवत नाही. तिकीट न फाडता सोडलं असतं तर तपासणीत केस माझ्यावर आली असती, पण तेव्हा ते मनातही नव्हतं. एवढ्या लोकांसमोर त्याचं खरं मी खोटं कसं ठरवू?

मी मुलाचं तिकीट मुद्दाम वेगळं काढलं आणि त्याच्याच हातात दिलं. ''शाब्बास. खरं सांगितलंस. हे तुझं.''

त्यानं आईकडे बघितलं. बाई जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ''घे.'' पैसे त्यांनी न बोलता दिले. मी पुढच्या सीटकडे वळलो; निढळ यायच्या आत सगळी तिकिटं व्हायला हवी होती.