पिठ्याची फर: पावसाळा सरतानाची नोंद

यंदा माझ्या पिठ्या सशाची फर टिकली. गेल्या पावसाळ्यात पोटाखाली चिकट, पिवळट झाली होती. आता उलटा हात फिरवला तरी केस लगेच जागेवर बसतात. ब्रश तोच आहे. बदलली ती जागा आणि बिछाना.

रत्नागिरीकडच्या पावसात पडवीतले टॉवेल वाळत नाहीत, तिथे सशाच्या दाट लवेतली ओल कशी वाळणार? वरून फर कोरडी लागते, मुळाशी दमट असते. म्हणून पिंजरा माजघरात आणला, जमिनीपासून उचलून फळीवर ठेवला, आणि खालची सुती चादर रोज बदलतो. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली नजर टाकतोच. तिथे घाण किंवा ओल राहिली की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या कातडी पोखरू लागतात. आईचं पालुपद चालूच आहे, "एकदा आंघोळ घाल की रे त्याला!" पण सशाला आंघोळ नाही. तो घाबरतो, गारठतो, शिवाय फर सुकायला खूप वेळ लागतो. मळलं तेवढंच ओल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

सध्या केस गळतायत. पाठीवर जुन्या-नव्या फरीची सीमारेषा स्पष्ट दिसते. आधी हात किंचित ओला करून सुटे केस उचलतो, मग रबरी ब्रश. चाटताना पोटात गेलेले केस ससा ओकून टाकू शकत नाही, ते पुढे सरकतात चाऱ्याच्या जोरावर. म्हणून गळतीच्या दिवसांत गोळीखाद्य कमी, सुकं गवत भरपूर. पेंढ्याला कुबट वास आला की सरळ उकिरड्यावर.

कानामागे केसांची गाठ झाली होती, ती बोटांनीच सोडवली. कातडी इतकी पातळ की कात्री लावली तर केसांसोबत तीही सहज कापली जाते.

मानेवर कोंडा दिसला तेव्हा काळ्या कागदावर झाडून पाहिला. कण हलले असते तर किडे समजून डॉक्टरांकडे गेलो असतो, हलले नाहीत. कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिल मात्र सशाला कधीही लावू नका, जिवावर बेततं.

आता ऑक्टोबरचा उकाडा. किनाऱ्यावर लांब केसांचे अंगोरा ससे पाळणारं कुणी असेल तर उन्हाळ्यात केस किती आखूड ठेवता, ते सांगा. मित्राला जोडी घ्यायची आहे, आणि मी त्याला अजून थोपवून धरलंय.