चुकून लागलेली डिस्क

जुलै महिना. कोकणात लावणीच्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये पूच्या बाटल्यांची रांगच लागते. चिखलात पायाला काहीतरी लागतं, साखर आधीच वाढलेली असते, जखम चिघळते. त्या सोमवारचा नमुना पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याचा होता. नडगीवर जखम, तीन आठवडे ड्रेसिंग, अँटिबायोटिक दोनदा बदललेलं, साखर ३८०.

मंगळवारी ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, बारीक करड्या कॉलनी दिसल्या. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह. मी झाकण उघडून प्लेट नाकाशी नेली. स्यूडोमोनास या जखमांत नेहमी सापडणाऱ्या जंतूला द्राक्षांसारखा गोडसर वास येतो आणि वीस वर्षांच्या सवयीने आमचं नाकच आधी निदान करून मोकळं होतं. इथे द्राक्षं नव्हती, ओल्या मातीचा वास होता. बाहेर पाऊस कोसळतच होता, त्याचाच असेल म्हणून सोडून दिलं. "स्यूडोमोनासच आहे, सेन्सिटिव्हिटी लाव," असं सांगून प्लेट नव्या ट्रेनी मुलाकडे दिली. सेन्सिटिव्हिटी म्हणजे जंतूवर अँटिबायोटिकच्या छोट्या डिस्क ठेवून बघायचं; जे औषध लागू पडतं त्याच्या डिस्कभोवती मोकळा झोन दिसतो. जंतूप्रमाणे डिस्क वेगळ्या.

बुधवारी तो चेहरा पाडून आला. "मॅडम, चुकून ई. कोलायच्या डिस्क लावल्या."

रागवायला तोंड उघडलं आणि प्लेटकडे बघून मिटलं. जेंटामायसिनच्या डिस्कला अगदी चिकटून वाढ झालेली. आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लावभोवती मोठा, स्वच्छ झोन! हे औषध स्यूडोमोनास एरुजिनोसाला जन्मात लागू पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती डिस्क आम्ही लावतच नाही. मग कोलिस्टिन लावून पाहिलं. बाकी सगळं हरलं की ज्याच्याकडे वळतात ते औषध. गुरुवारी त्याच्याही कडेपर्यंत जंतू वाढलेला. तोवर मूळ प्लेटवरच्या कॉलनी कोरड्या, सुरकुतलेल्या झाल्या होत्या. ग्राम स्टेनमध्ये दोन्ही टोकांना रंगलेल्या काड्या दिसल्या, सेफ्टी पिनसारख्या.

बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. आजाराचं नाव मेलिओइडोसिस. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये शोधून 1912 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. हा जंतू वॉर्डातून वॉर्डात फिरत औषधांना निर्ढावलेला नाही. तो शेतातल्या चिखलात राहतो आणि जेंटामायसिन, कोलिस्टिनला मुळातूनच दाद देत नाही. मधुमेह असला की त्याचं फावतं.

सर्जनना फोन केला. "हे थायलंडमध्ये होतं ना?" ते म्हणाले.

"भात इथेही लावतात, सर."

क्षणभर शांतता. मग त्यांनी त्याच दुपारी सोनोग्राफी करून घेतली. प्लीहेत पूचे छोटे गोळे होते. म्हणजे जखम नुसती पायाची नव्हतीच. शिरेतून सेफ्टाझिडिम सुरू झालं. किमान दोन आठवडे ते, मग तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. कल्चर मेडिकल कॉलेजला पाठवलं, पीसीआरने शिक्कामोर्तब झालं.

मी वॉर्डात जाऊन पेशंटला सांगितलं, जखम असताना शेतात उतरू नका, उतरलात तर गमबूट घाला. ते हसले. "मॅडम, चिखलात बूट रुततत. आणि शेतात उतरल्याशिवाय भात खंयसून येतला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता माझ्या नाकाचं. हा जंतू श्वासातूनही शिरतो. त्याची प्लेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळायची असते, आणि मी ती उघड्या टेबलावर हुंगली होती. एकवीस दिवस मी आणि तो पोरगा रोज गोळ्या घेत होतो, सकाळ-संध्याकाळ ताप मोजत होतो. मला मळमळायचं. तो मात्र आपल्या चुकीने रोग सापडला म्हणून खुशीत होता, आणि ते खरंही होतं.

ताप आला नाही. पण त्या एकवीस दिवसांत एका संध्याकाळी मी जुनी रजिस्टरं काढून बसले. जून ते सप्टेंबर, नमुना पू, मधुमेह. 'स्यूडोमोनास स्पीशीज' असं लिहिलेल्या, खाली माझीच सही असलेल्या ओळी शोधत गेले. त्यातल्या काहींपुढे जेंटामायसिनला आर, म्हणजे रेझिस्टंट, लिहिलेलं होतं. को-अ‍ॅमॉक्सिक्लावचा रकाना प्रत्येक ओळीत कोरा होता.