ला पाझमध्ये एकटीने पाच दिवस

बोलिव्हियातल्या ला पाझला सखल भागातून थेट विमानाने जाऊ नका, हे सगळ्यात आधी सांगते. शहर साधारण 3,600 मीटरवर आहे आणि त्याचा विमानतळ आणखी वर, एल आल्तोमध्ये, 4,000 मीटरच्याही पुढे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिथवर पोहोचत नाहीत.

मी सांताक्रूझहून विमानाने आले. सांताक्रूझ जेमतेम चारशे मीटरवर. उतरल्यावर, बॅग उचलताना काहीच वाटलं नाही. त्रास रात्री सुरू झाला. डोळा लागला की श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग यायची, डोकं ठणकायचं. रात्री दोन वाजता, परक्या देशात, शेजारी कुणी नसताना फार भीती वाटते. सकाळी घरमालकीण बाईंनी कोकाच्या पानांचा चहा समोर ठेवला. गरम पाण्यात तरंगणारी हिरवी पानं, चव गवतासारखी. त्यांनी तिथलं एक वचन सांगितलं: 'कामिनार देस्पासितो, कोमेर पोकितो, दोर्मिर सोलितो.' हळू चाल, थोडं खा, एकटीच झोप.

उंचीवरच्या विरळ हवेच्या या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात. पहिले दोन दिवस चढ चढू नका, दारू नको, पाणी भरपूर प्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. बसल्याजागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं गोंधळलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका. लगेच डॉक्टरकडे जा आणि खाली उतरा. वेळ असेल तर पेरूतून या: आधी 2,300 मीटरवरच्या आरेकिपात मुक्काम, मग पुनो, मग सीमेपलीकडचं, बोलिव्हियातलं कोपाकबाना. पुढे तिकीना इथे टिटिकाका सरोवराची चिंचोळी पट्टी लागते. तिथे बस लाकडी तराफ्यावर जाते आणि प्रवासी वेगळ्या होडीतून. पासपोर्ट आणि पैसे बसमध्ये ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी मी केबलकारमध्ये बसले आणि हे शहर मला समजायला लागलं. 'मी तेलेफेरिको' (स्पॅनिशमध्ये 'माझी केबलकार') ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली. ती पर्यटकांसाठी बांधलेली नाही, लोक तिने कामावर जातात. मी गेले तेव्हा तिकीट तीन बोलिव्हियानो होतं. माझा मार्ग तसाच्या तसा घ्या: जुन्या रेल्वे स्थानकापासून लाल लाइनने एल आल्तोला, तिथून दरीच्या काठाकाठाने चंदेरी लाइन, मग पिवळी, शेवटी हिरवी. लाल लाइन दफनभूमीवरून जाते. खाली भिंतींमध्ये काचेची दारं असलेले कोनाडे, प्रत्येकात फुलं. माझ्यासमोर गोल टोपी आणि पोयेरा, म्हणजे घेरदार घागरा, घातलेल्या एक आयमारा (इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) आजी होत्या, पाठीवर आवायो नावाच्या रंगीत कापडात बांधलेलं बटाट्यांचं गाठोडं. त्यांनी बोट दाखवलं तिकडे बर्फाच्छादित इयिमानी पर्वत उभा होता, 6,400 मीटरहून उंच.

पिवळ्या-हिरव्या लाइनने उतरताना घरं बदलत जातात. वर विटांची, गिलावा न केलेली. खाली काचेचे टॉवर आणि बंगले. आपल्याकडे टेकडीवरचं घर म्हणजे श्रीमंताचं. इथे श्रीमंती खाली राहते, जिथे हवा दाट आणि ऊबदार आहे.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी सालतेन्या: करंजीच्या आकाराची, आत चिकन आणि पातळ रस्सा. टोक चावून आधी रस्सा ओढून घ्या, नाहीतर कपड्यांवर येतो. शाकाहारी असाल तर 'आपी कोन पास्तेल' मागा. जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं गरम पेय आणि सोबत पुरीसारखा फुगलेला, आत चीज असलेला पास्तेल. थंडीत मी तो तीनदा खाल्ला.

एकट्या बाईने रात्री रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवू नये. मुक्कामाच्या ठिकाणाहून फोन करून रेडिओ टॅक्सी मागवावी. साध्या कपड्यातला कुणी 'पोलीस आहे' म्हणून बॅग किंवा पासपोर्ट मागू लागला, तर रस्त्यात काही देऊ नका, त्याच्यासोबत गाडीत तर मुळीच बसू नका. ऊन कडक असतं, सनस्क्रीन आणि टोपी लागतेच. जून-जुलैत आकाश स्वच्छ असतं, पण रात्री गोठवणाऱ्या.

भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या. आणि कोकाची पानं, चहाची पाकिटंसुद्धा, बॅगेत आणू नका. तिथे ती किराण्यात मिळतात, आपल्याकडे तो गुन्हा आहे.